भीमाशंकरला जाताय? दर्शनासोबत शेकरूचं जंगलही समजून घ्या

शिरूर तालुक्यातलं इनामगाव प्रसिद्ध आहे ते उत्खननामुळे. इ.स.पू. १६०० ते ७०० या काळात इथे घोड नदीकाठी शेतकऱ्यांची वस्ती होती, हे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी उजेडात आणलं. ही घोड उगम पावते भीमाशंकरच्या उत्तरेला, सह्याद्रीत. भीमेचा उगम तर भीमाशंकरलाच. म्हणजे शिरूर-दौंडच्या शेतांना पाणी देणाऱ्या या नद्या ज्या डोंगरांतून निघतात, तिथलंच हे अभयारण्य.

अभयारण्य कशासाठी?

१९८५ मध्ये जाहीर झालेलं हे अभयारण्य सुमारे १३० चौरस किलोमीटरचं आहे. ते पुणे, ठाणे आणि रायगड जिल्ह्यांत पसरलंय. त्याची खरी ओळख म्हणजे महाराष्ट्राचा राज्यप्राणी, शेकरू. तांबूस-तपकिरी रंगाची ही मोठी खार शेपटीसह जवळपास मीटरभर लांब असते.

शेकरूला धोका कशाचा?

शेकरू जमिनीवर क्वचितच उतरतो. खाणं, झोपणं, पिल्लं वाढवणं, सगळं झाडावरच. एकच शेकरू अनेक घरटी बांधतो आणि एका झाडावरून दुसऱ्यावर वीसेक फुटांची झेप घेतो. एकमेकांना भिडलेल्या फांद्या हाच त्याचा रस्ता. मधली झाडं तुटली, की हा रस्ता तुटतो. मग त्याला जमिनीवर उतरावं लागतं आणि तिथे शत्रू टपलेले असतात. जगभराचा विचार केला तर शेकरू अगदी नामशेष व्हायला आलेला नाही; पण जंगलाचे तुकडे होत गेल्याने त्याची संख्या घटत चालली आहे. भीमाशंकरच्या देवराया म्हणूनच मोलाच्या. देवाच्या नावाने राखलेल्या या रायांमध्ये कुऱ्हाड चालत नसे, त्यामुळे जुनी झाडं टिकली.

जाताना काय लक्षात ठेवाल?

- रस्ता : इनामगावहून मंचर गाठा, पुढे घोडेगाव, डिंभे मार्गे भीमाशंकर.
- दिवस : श्रावण आणि महाशिवरात्रीला देवळात मोठी गर्दी असते. जंगल पाहायचं असेल तर हे दिवस टाळा. पावसाळ्यानंतरचे महिने चांगले.
- वेळ : सकाळी लवकर किंवा दुपार कलल्यावर. भर दुपारी शेकरू विश्रांती घेतो.
- शोधायचं कसं : खाली नाही, वर पाहा. फांद्यांच्या टोकाला काटक्या-पानांचा गोळा दिसला, तर ते घरटं असू शकतं. चाहूल लागली की शेकरू खोडाला चिकटून निपचित पडतो, म्हणून थोडं थांबा.
- पायवाटा : आत शिरण्याआधी वन विभागाकडे चौकशी करा, स्थानिक वाटाड्या सोबत घ्या.
- हे नको : बिस्किटं, चिवडा खायला घालणं, मोबाईलवर गाणी लावणं, प्लास्टिक टाकणं, काडी किंवा विडी पेटती फेकणं. उन्हाळ्यात एक ठिणगीही वणवा लावू शकते.

शेकरू दिसेलच असं नाही. पण फांद्यांची ती सलग छत्री शाबूत असेल, तर शेकरू राहील आणि डोंगरावर पडणारं पाणीही जमिनीत मुरेल. तेच पाणी पुढे घोड आणि भीमेतून खाली येतं.