वापरलेल्या मधमाशीपालन साहित्याची खरेदी-विक्री

हौशी मधमाशीपालक मधपेट्या, चौकटी, धूर देण्याची यंत्रे, मध काढण्याची यंत्रे व संरक्षक पोशाख यांची आपापसांत खरेदी-विक्री करतात. ब्रिटनमध्ये स्थानिक मधमाशीपालक संघटना अशा साहित्याचे लिलाव भरवतात. मध काढण्याचे यंत्र वर्षातून मोजकेच दिवस लागत असल्याने काही संघटना ते सदस्यांना वापरण्यास देतात.

मापांची जुळणी

लोरेन्झो लँगस्ट्रॉथ यांनी १८५२ मध्ये अमेरिकेत सुट्या चौकटींच्या पेटीचे पेटंट घेतले. पुढे निरनिराळ्या देशांत पेटीची निरनिराळी मापे रूढ झाली. ब्रिटनमधील ‘नॅशनल’ पेटी व लँगस्ट्रॉथ पेटी यांच्या चौकटी परस्परांत बसत नाहीत. भारतातही सातेरी मधमाश्यांच्या पेट्या युरोपीय मधमाश्यांच्या पेट्यांहून लहान असतात. त्यामुळे खरेदीपूर्वी माप तपासणे आवश्यक असते.

रोगप्रसाराचा धोका

या व्यवहारातील सर्वांत गंभीर धोका अमेरिकन फाउलब्रूड या रोगाचा आहे. ‘पेनिबॅसिलस लार्व्ही’ या जिवाणूमुळे होणाऱ्या या रोगात मधमाश्यांच्या अळ्या मरतात. त्याचे बीजाणू जुन्या पोळ्यांत व लाकडात अनेक दशके टिकतात. त्यामुळे वरकरणी स्वच्छ दिसणारी पेटीही नव्या वसाहतीला बाधित करू शकते. ब्रिटनमध्ये या रोगाची माहिती शासनास देणे बंधनकारक असून बाधित वसाहती नष्ट केल्या जातात.

यासाठी वापरलेली पोळी विकत घेणे टाळावे, असे सांगितले जाते. लाकडी पेट्या खरवडून त्यांचा आतील भाग ज्योतीने करपेपर्यंत भाजतात. पेटी कोणाकडून आली व तिच्यातील वसाहत कशामुळे संपली, याची चौकशीही महत्त्वाची ठरते.