दोराच्या टोकाचा फास : गळाच्या सुताचा इतिहास

सोनिवली-बदलापूरच्या परिसरात उल्हास नदीला जे पाणी येते ते सर्वस्वी तिच्या स्वतःच्या खोऱ्यातील नव्हे. आंध्रा नदीवर ठोकरवाडी येथे अडविलेले, मूळचे पूर्वेकडे भीमेला मिळावयाचे पाणी, १९२२ पासून भिवपुरीच्या वीजगृहातून पश्चिमेकडे उल्हास नदीत सोडले जाते. याच भीमेच्या खोऱ्यात, पुण्याजवळील मुळा-मुठेत, साइक्स या सेनाधिकाऱ्यास खडस मासा मिळाला व १८३९ मध्ये त्याने त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. गळाने मासे धरणाऱ्यांना हा मासा विशेष प्रिय होता. हेन्री सलिव्हन टॉमस याच्या १८७३ च्या ‘द रॉड इन इंडिया’ या ग्रंथात खडसाच्या जातीच्या माशांनाच मानाचे पान आहे. मात्र काठी, गळ व आमिष यांविषयी लिहिताना लेखकांनी जितकी शाई वेचली, तितकी दोराच्या टोकावरील फासाविषयी वेचलेली नाही. प्रस्तुत लेखकास ही उपेक्षा अनाठायी वाटते. कारण मोठा मासा उसळी घेतो तेव्हा दोर बहुधा मध्ये तुटत नाही, जोडावर तुटतो, आणि गळासह उरलेले सूत माशाच्या तोंडात राहते.

पिसांची कृत्रिम माशी पाण्यावर टाकण्याच्या पद्धतीत माशीला वजन नसते. फेकीचा जोर दोराच्याच वजनातून येतो. म्हणून दोर जाड, आणि माशीजवळचे सूत मात्र माशाला न दिसेल इतके बारीक, अशी विषम जोडी जुळवावी लागते. या दोहोंना जोडणारा फास आवळला जाऊ नये, आणि फेकीच्या वेळी काठीच्या कड्यांत अडकूही नये.

वॉल्टनच्या काळी, म्हणजे १६५३ च्या सुमारास, दोर घोड्याच्या केसांचा असे व गाठींनीच काम भागे. पुढे तेलाने माखलेले रेशमी दोर आले, आणि टोकाला स्पेनमधील मुर्सिया प्रांतात रेशमाच्या किड्याच्या ग्रंथी ताणून केलेली तात वापरात आली. ही तात वाळली की ठिसूळ होई. भिजवून मऊ केल्याखेरीज तिला गाठ मारता येत नसे. नदीकाठी वारंवार गाठी मारण्यापेक्षा घरी तयार केलेले दोन फास एकमेकांत ओवणे सोयीचे, हे यातून उघड होते. रेशमी दोराच्या टोकाचे तेल खरवडून, धागे विस्कटून निमुळते करावयाचे, ते मागे दुमडून वर मेणवलेल्या रेशमी सुताचे वेढे एकमेकांना चिकटून द्यावयाचे व शेवटी रोगण चढवावयाचे, अशी ती रीत होती. वेढ्यांचे शेवटचे टोक आधीच ठेवलेल्या सुताच्या घडीतून आत ओढून घेत, म्हणजे गाठीचा उंचवटा राहत नसे. हे काम शिंप्याचे म्हणावे की नावाड्याचे, असा प्रश्न पडावा.

१९३८ मध्ये नायलॉनची घोषणा झाली आणि महायुद्धानंतर तातेचा व्यापार मावळला. नायलॉन भिजवावे लागत नाही, परंतु ते निसरडे. गाठ आवळण्यापूर्वी ओले न केल्यास घर्षणाच्या उष्णतेने दुबळे होते. दोरावरही प्लास्टिकचे आवरण आले. अशा दोराचे टोक काही जण अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून आवरण विरघळवितात व उघड्या पडलेल्या विणलेल्या गाभ्याचा फास करतात. काही आवरणासकट दुमडून पूर्वीसारखेच वेढे देतात व वर लवचीक गोंद लावतात. अलीकडे कारखान्यातच उष्णतेने सांधलेला फास मिळतो. त्याची सोय नाकारण्याचे कारण नाही. पण सांध्याशी आवरण चिरले तर दुरुस्तीला जुनीच वेढ्यांची विद्या लागते.

एक गोष्ट मात्र साहित्य बदलले तरी बदलली नाही. दोन फास एकमेकांत ओवल्यावर दोहोंच्या कमानी समोरासमोर, दोन हातांची बोटे एकमेकांत अडकवावीत तशा बसल्या पाहिजेत. घाईत एक फास दुसऱ्याच्या मानेवर दुमडून बसतो. वरवर जोड पक्का दिसतो, परंतु ताण येताच बारीक सूत जाड दोरात रुतून त्यास कापू लागते. तेव्हा जोड सैल करून, फास पुन्हा सरळ ओवून, हाताने हळूहळू ताणून पाहावा लागतो.