उन्हाळा आणि थंड हवेचें यंत्र

वैशाखाच्या ऐन दुपारीं पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे गेला म्हणजे नागपूर, अकोला, चंद्रपूर येथील घराघरांतून एक तक्रार हटकून ऐकूं येते. थंड हवेचें यंत्र सकाळपासून अखंड घरघरत आहे, विजेचें बिल वाढत आहे, आणि तरीहि खोली म्हणावी तशी निवत नाहीं. मार्च महिन्यांत ज्या यंत्रानें अर्ध्या तासांत अंगावर पांघरूण घ्यावयास लावलें, तेंच यंत्र मे महिन्यांत असें हतबल कां व्हावें? दोष यंत्राचा, कीं आपल्या अपेक्षेचा? या प्रश्नाचें उत्तर दुकानदाराच्या माहितीपत्रकापेक्षां यंत्राच्या इतिहासांत अधिक स्पष्टपणें सांपडतें. म्हणून आज आपण तो इतिहास थोडक्यांत पाहूं.

यंत्र येण्यापूर्वीं उष्ण देशांतील माणूस उन्हाळ्यापुढें अगदींच निःशस्त्र होता असें नाहीं. मातीच्या जाड भिंती, लहान खिडक्या, मधला चौक, धाब्याचें छत आणि दुपारीं बंद ठेवलेलीं दारें, ही झाली घराची तजवीज. तिच्या जोडीला पाणी होतें. माठांतून पाझरणारें पाणी हवेंत विरतांना माठाची उष्णता आपल्याबरोबर घेऊन जातें व आंतलें पाणी गार होतें. हाच न्याय दारा-खिडक्यांना लावला म्हणजे वाळ्याचा ओला पडदा तयार होतो. अबुल फज्लच्या ‘आईन-इ-अकबरी’मध्यें वाळ्याच्या थंडगार खोल्यांचा आणि सोऱ्याच्या साहाय्यानें पाणी गार करण्याच्या युक्तीचा उल्लेख आहे. पुढें इंग्रजांच्या बंगल्यांतहि हेच पडदे लागले. मात्र या थंडाव्याला दोन मर्यादा होत्या. हवा कोरडी असली तरच तो साधे. आणि त्यासाठीं कोणी तरी भर उन्हांत उभें राहून पडद्यावर पाणी मारीत असे, कोणी तरी व्हरांड्यांत बसून रात्रभर पंख्याची दोरी ओढीत असे. आंतल्या माणसाचा गारवा बाहेरच्या माणसाच्या घामावर अवलंबून होता.

त्यानंतर आला परदेशचा बर्फ. बोस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर यानें तिकडच्या तळ्यांवर हिवाळ्यांत गोठणारा बर्फ कापून जगभर विकण्याचा उद्योग मांडला होता. १८३३ सालीं त्याचें ‘टस्कनी’ नांवाचें जहाज सुमारें १८० टन बर्फ घेऊन निघालें आणि चार महिन्यांच्या प्रवासानंतर कलकत्त्यास लागलें, तेव्हां त्यांतील सुमारें १०० टन बर्फ शिल्लक होता! लवकरच मुंबई व मद्रास येथेंहि बर्फाच्या वखारी उभ्या राहिल्या. मद्रासची वखार आजहि उभी असून १८९७ सालीं स्वामी विवेकानंदांचा मुक्काम त्याच वास्तूंत झाला होता. थंड हवेसाठीं बर्फ वापरण्याची पद्धत पुढें रेल्वेंतहि आली. १९३४ सालीं मुंबईहून पेशावरकडे जाणाऱ्या फ्रंटियर मेलच्या एका डब्याखालीं बर्फाच्या लाद्या ठेवून त्यांवरून हवा खेळविण्यांत येई, आणि वाटेंतल्या स्थानकांवर त्या लाद्या बदलल्या जात.

बर्फाचें हें युग संपलें, तरी त्याची एक खूण आपल्या भिंतीवर राहिली आहे. आपण ‘दीड टनाचें यंत्र’ म्हणतों, तो टन यंत्राच्या वजनाचा नव्हे. दोन हजार पौंड, म्हणजे सुमारें ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळतांना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता उचलण्याची शक्ति म्हणजे एक टन. अर्थात् दीड टनाचें यंत्र दिवसभर चाललें तर तें सुमारें १,३६० किलो बर्फाचें काम करतें. पण बर्फ आणि यंत्र यांत एक मूलभूत फरक आहे, आणि आपल्या प्रश्नाची किल्ली त्याच फरकांत आहे.

बर्फ उष्णता पोटांत घेऊन वितळून जातो. यंत्राला ती पोटांत ठेवतां येत नाहीं. द्रवाची वाफ होतांना भोंवतालची उष्णता शोषली जाते हें तत्त्व स्कॉटलंडमध्यें विल्यम कलन यानें अठराव्या शतकांत प्रयोगानें दाखविलें होतें. त्या वाफेला पुन्हा दाबून द्रव करण्याच्या यंत्राचें पेटंट जेकब पर्किन्स यानें १८३४ सालीं लंडनमध्यें घेतलें. फ्लोरिडांतील डॉक्टर जॉन गोरी हा तापाच्या रोग्यांच्या खोल्या थंड करण्याच्या ध्यासानें यंत्राकडे वळला, आणि १८५१ सालीं त्याला बर्फ बनविण्याच्या यंत्राचें पेटंट मिळालें. म्हणजे घरगुती गारव्याची कल्पना चैनींतून नव्हे, तर रोग्याच्या उशाशीं जन्मली, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

आजच्या यंत्राचा खरा जनक मात्र उकाड्यावर उपाय शोधीत नव्हता. १९०२ सालीं ब्रुकलिनमधील एका छापखान्यांत दमट हवेनें कागद फुगत असे व रंगाचे ठसे एकमेकांवर नीट बसत नसत. विलिस कॅरिअर या तरुण अभियंत्यानें हवेंतील ओलावा आवरण्यासाठीं एक योजना आंखली, आणि तींतून वातानुकूलनाचें शास्त्र उभें राहिलें. १९१४ सालीं मिनिआपोलिस येथील एका धनिकाच्या घरीं बसविलेलें यंत्र सुमारें वीस फूट लांब होतें! थॉमस मिज्ली व त्याचे सहकारी यांनीं १९२८ सालीं माणसाला विषारी नसलेला वायु तयार केला, आणि यंत्र निर्धास्तपणें घरांत येऊं शकलें. त्या वायूच्या जातीनें आकाशांतील ओझोनचा थर विरतो हें पुढें कळून आलें व १९८७ च्या मॉंट्रिऑल करारानें त्याला निरोप मिळाला. खिडकींत बसणारें यंत्र शुल्ट्झ व शर्मन या दोघांनीं १९३१ सालीं सिद्ध केलें. मुंबईकरांना कुलाब्याचें रीगल चित्रपटगृह १९३३ पासून हा गारवा तिकिटाच्या दरांत देऊं लागलें. मध्यमवर्गाच्या घरांत तो शिरावयास मात्र आणखी अनेक दशकें लागलीं.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. हें यंत्र थंडी उत्पन्न करीत नाहीं. तें उष्णतेचा हमाल आहे. खोलींतली उष्णता उचलून तें बाहेर नेऊन टाकतें. पण उष्णता आपल्या स्वभावानें तप्त वस्तूकडून थंड वस्तूकडेच जाते. म्हणून बाहेरचें वेटोळें हें बाहेरच्या हवेपेक्षां नेहमींच दहा-पंधरा अंशांनीं अधिक तापलेलें असावें लागतें. बाहेर ३५ अंश असतां तें पन्नासाच्या आसपास असतें. बाहेर ४७ झाले कीं त्याला साठीपर्यंत चढावें लागतें. चढण जितकी उंच, तितका हमाल अधिक दमतो, वीज अधिक खातो आणि खेपेगणिक ओझें कमी नेतो. यंत्रावर छापलेली क्षमता प्रमाणित परीक्षेनुसार बाहेर ३५ व आंत २७ अंश धरून मोजलेली असते. अतिउष्ण प्रदेशांसाठीं ४६ अंशांची निराळी परीक्षा आहे. परंतु राजस्थानांतील फलोदी येथें १९ मे २०१६ रोजीं पारा ५१ अंशांवर गेला होता. शिवाय ज्या दुपारीं यंत्राची शक्ति घटते, त्याच दुपारीं भिंती व छत यांतून आंत शिरणारी उष्णता सर्वांत अधिक असते. जमा कमी व खर्च जास्त, असा हा हिशेब आहे.

मुंबईंत उन्हाळ्याचा पारा सहसा इतका चढत नाहीं. तेथें यंत्राची बरीच शक्ति हवेंतलें पाणी काढण्यांत जाते. नळींतून टपकणारे थेंब हीच त्याची साक्ष. विदर्भांत हवा कोरडी, म्हणून तेथें वाळ्याच्या ताट्यांचा कूलर अल्प विजेंत मोठा गारवा देतो. तोच कूलर मुंबईंत केवळ दमटपणा वाढवितो. एकच यंत्र सर्व गांवांना सारखें लागू पडत नाहीं, तें यामुळेंच.

हा केवळ सुखसोयीचा प्रश्न नव्हे. जुलै १९९५ मध्यें शिकागो शहरांत उष्णतेच्या लाटेनें सातशेंहून अधिक माणसें दगावलीं. त्यांत एकटे राहणारे वृद्ध पुष्कळ होते. मे २०१० मध्यें अहमदाबादेंत पारा ४६.८ अंशांपर्यंत गेला, आणि त्या महिन्यांत नेहमींपेक्षां १,३४४ मृत्यु अधिक झाल्याचें पुढें हिशेबानें दिसून आलें. तेथील महानगरपालिकेनें २०१३ सालीं उष्णतेसाठीं स्वतंत्र योजना आंखली, ती याच अनुभवामुळें. २०२३ सालीं अमेरिकेंतील फीनिक्स शहरांत सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांवर होता. त्या वर्षीं तेथील परगण्यांत उष्णतेनें ६४५ माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्यांपैकीं जीं घरांत मेलीं, त्यांतील अनेकांच्या भिंतीवर यंत्र होतें. तें बंद पडलेलें होतें. जेथें सारें जीवन यंत्रावर सोपविलेलें असतें, तेथें यंत्राचा बिघाड हाच प्राणघातक ठरतो.

यावरून यंत्र निरुपयोगी असें कोणीं समजूं नये. रोग्याला, तान्ह्या मुलाला, वृद्धाला तें जीवनदान देतें. गोरीच्या मनांत हेंच होतें. मात्र त्यानें उचलावयाचें ओझें हलकें करणें आपल्या हातीं आहे. गच्चीला चुन्याचा पांढरा हात द्यावा, पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून सावली करावी, बाहेरचें वेटोळें कोंडलेल्या जागीं न ठेवतां मोकळ्या हवेंत ठेवावें, आंतली जाळी वेळोवेळीं धुवावी, आणि अठरा अंशांचा हट्ट सोडून पंख्याच्या जोडीनें चोवीस-सव्वीसांत समाधान मानावें. आजोबांच्या वाड्यानें जें काम भिंतींकडून करून घेतलें, तें सिमेंटच्या तापलेल्या छताखालीं एकट्या यंत्राकडून होणार नाहीं. आणि श्रोतेहो, आपली खोली निवली म्हणजे शेजारच्या वरच्या मजल्यावर एकटें राहणारें कोणी म्हातारें माणूस असल्यास, दुपारीं एकदां त्याचें दार वाजवून यावें. हमालाच्या खेपा आपल्याच घरापुरत्या असतात. बाहेर टाकलेली उष्णता मात्र सर्वांच्या वाट्याला येते.