मुक्काम आहे का?

गाइड चळवळीची गोष्ट लंडनहून सुरू होते. १९०९ मध्ये क्रिस्टल पॅलेसला मुलग्यांचा स्काउट मेळावा भरला, तिथे काही मुली न बोलावता येऊन उभ्या राहिल्या. आम्हीही स्काउटच, म्हणाल्या. पुढच्याच वर्षी स्काउटचे संस्थापक बेडन पॉवेलसाहेबांनी त्यांची वेगळी संस्था काढून बहीण ॲग्नेसच्या हाती दिली. १९११ ला ही संस्था जबलपूरला पोचली, पण गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलींपुरतीच. भारतीय मुलींना दार उघडलं १९१६ मध्ये. स्वातंत्र्यानंतर भारत स्काउट्स अँड गाइड्स झाली आणि १५ ऑगस्ट १९५१ ला गाइडही तीत आल्या. गाइडच्या वचनातला राजा गेला, देश आला.

आमच्या गावाची, भिवपुरीची वीज १९२२ पासून मुंबईला जाते, टाटांच्या वीजघरातून. मुंबईचा गाइडचा स्कार्फ मात्र आमच्या शाळेपर्यंत यायला फार वेळ लागला. मी गाइड कॅप्टन झाले तेव्हा कंपनीत, म्हणजे गाइडच्या तुकडीत, निम्म्या मुली ठाकरवाड्यांतल्या. सहा-आठ जणींचा एक संघ, त्याला नाव फुलाचं. पुस्तकात गुलाब, कमळ. आमच्या पोरींनी कुडा मागितला. दिला.

गाइडच्या चाचणीत दोन काड्यांत चूल पेटवायची असते. पावसाळ्यात सरपण ओलं, म्हणून मीच धास्तावलेले. सातवीतल्या एका मुलीने ओल्या फाटीची साल कोयत्याने सोलली, आतला कोरडा गाभा बारीक चिरला, तीन दगडांत रचला आणि ओणवी होऊन वाऱ्याला पाठ दिली. चूल पेटली. उरलेली काडी तिने मला परत दिली. गाठींचंही तेच, घरी रोज गुरं बांधणाऱ्या हातांना क्लोव्ह हिच काय शिकवायची? पुस्तकातली नावं तेवढी मी पाठ करून घेतली.

आधुनिकीकरण म्हणून लोक ऑनलाइन नोंदणी दाखवतात. स्कर्टच्या जोडीला सलवार-कमीज आली, हे मी त्याहून मोठं मानते. डोंगर चढताना कळतं. पण खरी अडचण रात्रीची. शिबिराचं पत्रक हाती दिलं की मुलीची आई विचारायची, "बाई, मुक्काम आहे का?" फी, गणवेश, डबा सगळं नंतर. पुण्यात आळंदी रोडला गाइडचं जागतिक केंद्र आहे, 'संगम'. १९६६ ला लेडी बेडन पॉवेल यांनी स्वतः उद्घाटन केलेलं. जगभरच्या मुली तिथे येऊन राहतात, आणि आमच्या पोरींना घाट ओलांडून एक रात्र राहायची परवानगी नाही! भाषणं देऊन काही झालं नाही. शेवटी मी म्हटलं, आयांनीही यावं. एकच आली, भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन. रात्री तंबूच्या दाराशी आडवी झाली, सकाळी भाताच्या पातेल्याशी माझ्याआधी हजर. पुढच्या वर्षी पत्रकं घेऊन वाडीत तीच फिरली. मी गेले असते तर चार नावं मिळाली असती, तिने अकरा आणली.