राजाचं गाव, पायी पायी

आमचं गाव किन्हीराजा, वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातलं. नावातच राजा असल्यामुळे धाकट्यानं एकदा विचारलंच, ‘बाबा, राजा राहायचा कुठं?’ मी म्हटलं, ‘आपल्या जिल्ह्यातल्या राजाचं गाव दाखवतो. पण थोडं चालावं लागेल.’

रविवारी सकाळच्या एसटीनं आम्ही वाशीमला उतरलो. मी, पत्नी, दोन लेकरं आणि गुडघे दुखणारी आई. डोंगर चढायचा नव्हता. जुन्या वाशीमातल्या पक्क्या गल्ल्या, देवळाचं आवार, तळ्याच्या पायऱ्या. आईला झेपेल आणि मुलं कुरकुरणार नाहीत, एवढीच वाट.

सुरुवात बालाजीपासून केली. हे मंदिर भवानी काळू यांनी बांधलं. ते साबाजी भोसल्यांचे दिवाण. काम पुरं झालं १७७९ साली. औरंगजेबाच्या काळात मूर्ती जमिनीत पुरून ठेवल्या होत्या, त्या पुढे सापडल्या, असं सांगतात. दर्शन घेऊन आम्ही जवळच्या देव तळ्यावर आलो. आई टेकली. मुलांनी पायऱ्या मोजायला घेतल्या आणि दोघांचे आकडे जुळेनात म्हणून भांडण झालं.

‘मग भवानी काळू हेच राजा का?’ धाकट्याचा प्रश्न.

‘नाही रे, ते दिवाण. मी म्हणतो तो राजा त्यांच्याही चौदाशे वर्षं आधीचा.’

तिथंच बसून गोष्ट सांगितली. वाशीमचं जुनं नाव वत्सगुल्म. चौथ्या शतकात वाकाटक सम्राट पहिला प्रवरसेन याचा मुलगा सर्वसेन यानं इथं आपली वेगळी गादी स्थापन केली. पाचव्या शतकाच्या अखेरीस याच घराण्यात हरिषेण झाला. त्याचा मंत्री वराहदेव यानं अजिंठ्याचं सोळावं लेणं कोरवून घेतलं. अजिंठा पाहायला जगभरातून माणसं येतात, पण त्या राजाची राजधानी आपल्या एसटीच्या वाटेवर आहे, हे आपल्यालाही ठाऊक नसतं.

खरं तर ते फार काळ कुणालाच ठाऊक नव्हतं. १९३९ साली वाशीमात सर्वसेनाचा मुलगा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट उजेडात आला, तेव्हा कुठं वाकाटकांची ही शाखा इतिहासाला कळली. राजानं आपल्या राज्याच्या सदतिसाव्या वर्षी दिलेलं ते दानपत्र. वंशावळ संस्कृतात आणि दानाचा तपशील प्राकृतात. दान दिलेलं गाव कुठलं, तर नांदीकटाच्या, म्हणजे आजच्या नांदेडच्या, ‘उत्तर मार्गा’तलं. राज्याच्या विभागाला तेव्हा ‘मार्ग’ म्हणत. आपण जिल्हा, तालुका म्हणतो, ते ‘वाट’ म्हणत. मला हे फार आवडतं.

तिथून रमतगमत, विचारत विचारत पद्मतीर्थाकडे गेलो. वाटेत थोरलीनं वत्सगुल्म या नावाचा अर्थ विचारला. स्थानिक परंपरा सांगते, वत्स ऋषींच्या तपासाठी देवांचा समूह, म्हणजे गुल्म, इथं जमला. कामसूत्राचा टीकाकार मात्र सांगतो, वत्स आणि गुल्म हे दोन राजपुत्र होते. लेकरांना राजपुत्र पसंत पडले, आईला ऋषी.

पद्मतीर्थाच्या काठी धाकट्यानं पुन्हा विचारलं, ‘पण राजाचा वाडा कुठंय?’ आमच्या वाटेवर वाडा लागला नव्हता. काय सांगावं, या विचारात होतो, तर आई म्हणाली, ‘वाड्यात एक राजा राहतो बाबा, पाण्यावर सारं गाव येतं. म्हणून तळी राहिली.’

इतकी वर्षं इतिहास शिकवूनही मला हे असं सांगता आलं नव्हतं. आणि हेही खरं की तळी राहतात ती येणाऱ्या पावलांमुळे. पावलं थांबली की गाळ साचतो, मग कचरा, आणि एक दिवस कुणाला आठवतही नाही.

म्हणून सांगावंसं वाटतं, पुढच्या वेळी बालाजीला जाल तेव्हा दर्शन झालं की लगेच गाडीत बसू नका. सकाळी जा, पाण्याची बाटली घ्या, लेकरांसोबत आजीआजोबांनाही न्या. त्यांच्या चालीनं चाला, दमल्या तर पायरीवर बसू द्या. आणि निर्माल्याची पिशवी तळ्यात टाकू नका.

परतीच्या एसटीत धाकटा झोपून गेला. मालेगाव आलं तसा जागा झाला आणि म्हणाला, ‘बाबा, पायऱ्या परत मोजायला पाहिजेत.’

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)