नागसेनवनातील विद्यार्थी



घोडेगाव हे आमचे गाव नगरहून औरंगाबादेस जाणाऱ्या हमरस्त्यावर वसले आहे. नगरास आता अहिल्यानगर व औरंगाबादेस छत्रपती संभाजीनगर म्हणावयाचे; परंतु ज्या दिवसांविषयी मी आज बोलणार आहे, त्या दिवसांची नावे माझ्या तोंडी बसलेली आहेत, तेवढी मुभा आपण मला द्यावी. मॅट्रिक झालेला मुलगा आमच्या स्टँडावर उभा राहिला, की त्याच्यापुढे दोन वाटा असत. एक गाडी नगरास जाई, तर दुसरी नेवासे फाट्यावरून, प्रवरासंगमाजवळ गोदावरी ओलांडून, औरंगाबादेस.

१९८६ साली माझा एक जुना विद्यार्थी असाच पिशवी घेऊन माझ्याकडे आला. बाप सालगडी, घर गावकुसाबाहेरचे. त्याला औरंगाबादेस मिलिंद महाविद्यालयात जावयाचे होते. मी त्याला नगरास जाण्याचा सल्ला दिला. म्हटले, "अरे, आपल्याच माणसांत राहून जग कसे कळेल? चारचौघांत मिसळून शीक." मुलगा मोठा नम्र होता, तरी म्हणाला, "गुरुजी, दहा वर्षे चारचौघांत बसलो. एकदाही तोंड उघडले नाही." आणि तो दुसऱ्या गाडीत चढला. मला त्याचे म्हणणे त्या दिवशी मुळीच पटले नाही.

ज्यांस पिढ्यान्‌पिढ्या शाळेच्या दाराबाहेर ठेवले, त्यांच्यासाठी निराळी विद्यालये काढावी काय, हा वाद जुना आहे. महात्मा फुल्यांनी पुण्यात अस्पृश्य मुलामुलींसाठी शाळा घातली, तेव्हाही तो झालाच असेल. त्या शाळेत काय पिकले हे मात्र छापील स्वरूपात आपल्यापुढे आहे. १८४२ साली आमच्या नगरास निघालेल्या 'ज्ञानोदय' पत्रात १८५५ साली मुक्ता नावाच्या मातंग मुलीचा निबंध आला. विषय होता मांग-महारांचे दुःख. वेद जर आमचे नव्हेत, तर आमचा धर्म तरी कोणता, असा सरळ सवाल त्या शाळकरी पोरीने देवालाच घातला आहे. मुक्ता साळव्यांचे पुढचे आयुष्य कोठे गेले ते इतिहासाने जपून ठेवले नाही. निबंध तेवढा राहिला. मी चाळीस वर्षे मुलांकडून निबंध लिहवून घेतले. गाय, पावसाळा, माझी शाळा! पोराच्या घशात अडकलेली गोष्ट लिहवून घेण्याचे मला सुचले नाही.

आता गोदावरी ओलांडू. १९४७ पर्यंत नदीच्या ह्या तीरास इंग्रजी मुलूख व त्या तीरास निजामाचे राज्य, म्हणजे आमच्या म्हाताऱ्यांच्या भाषेत मोगलाई. उच्च शिक्षणाच्या बाबतीत मराठवाडा तेव्हा फार मागासलेला होता. विद्यापीठ काय ते दूर हैदराबादेस, उस्मानिया. डॉ. आंबेडकरांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापिली आणि पुढल्या वर्षी मुंबईस सिद्धार्थ महाविद्यालय काढले. नोकरी करून शिकणाऱ्यांची सोय व्हावी म्हणून तेथील वर्ग सकाळी भरत. मुंबईनंतर त्यांनी पुणे निवडले नाही, नागपूर निवडले नाही; औरंगाबादेची माळरानाची जागा निवडली. १९५० च्या जूनमध्ये तेथे महाविद्यालय सुरू झाले आणि १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली.

नावाची निवड पाहण्यासारखी आहे. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर. भल्याभल्या पंडितांस वादात निरुत्तर करणारा हा राजा अखेर भिक्षू नागसेनापुढे हरला आणि त्याने ती हार मोकळ्या मनाने मान्य केली, अशी कथा पाली ग्रंथात आहे. महाविद्यालयास नाव प्रश्न विचारणाऱ्याचे आणि भोवतालच्या परिसरास नाव उत्तर देणाऱ्याचे: नागसेनवन. ज्या मुलांच्या बापांनी पाटलासमोर मान वर करून प्रश्न विचारला नव्हता, त्यांच्या विद्यालयाला हे नाव! मला वाटते, बाबासाहेबांनी अभ्यासक्रमाचा पहिला धडा दारावरच लिहून ठेवला होता.

हे महाविद्यालय सर्व जातींस खुले होते, ही गोष्ट माझ्यासारखे लोक विसरतात. पहिले प्राचार्य म. भि. चिटणीस हे काही दलित समाजातले नव्हेत. तरी आपल्या विद्यार्थ्यांच्या तोंडी घालण्यासाठी त्यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिले. तेव्हा ही भिंत नव्हे. बाहेरच्या दारातून ज्याला वाकून यावे लागते, त्याला ताठ उभे राहता येईल एवढ्या उंचीचे ते घर होते.

ह्या ठिकाणी मला अमेरिकेचे स्मरण होते, आणि ते अस्थानी नाही. फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील ज्या सदाचारी लोकांनी गुलामांस दास्यमुक्त केले त्यांस अर्पण केले होते. त्या दास्यमुक्तीनंतर लवकरच, १८६७ साली, वॉशिंग्टन शहरी हॉवर्ड विद्यापीठ निघाले. दार सर्वांस उघडे, पण आले ते मुख्यत्वे कृष्णवर्णीय, कारण त्यांस अन्यत्र दारे बंद होती. थर्गूड मार्शल हा बाल्टिमोरचा तरुण घेऊ. त्याच्या स्वतःच्या मेरिलँड राज्याच्या विद्यापीठात कायद्याच्या वर्गात कृष्णवर्णीयांस प्रवेश नव्हता; म्हणून तो हॉवर्डमध्ये शिकला व १९३३ साली पदवीधर झाला. दोन-तीन वर्षांतच आपले गुरू चार्ल्स ह्यूस्टन ह्यांच्यासह त्याने त्याच मेरिलँड विद्यापीठास कोर्टात खेचले आणि एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्यास तेथे प्रवेश मिळवून दिला. शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविणारा १९५४ चा निकाल त्याच्याच वकिलीचे फळ, आणि १९६७ साली तो त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचा पहिला कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाला. १९९३ चे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या कादंबरीकार टोनी मॉरिसन ह्याही १९५३ च्या हॉवर्डच्याच पदवीधर. निराळ्या विद्यालयात शिकलेल्याने सगळ्यांच्या विद्यालयांची कुलुपे काढली, असे हे नवल आहे. ह्या दोन समाजांचे साम्य बाबासाहेबांसही ठाऊक होते. १९४६ साली त्यांनी फिस्क ह्या तशाच दुसऱ्या विद्यापीठाचे पदवीधर डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस ह्यांस पत्र लिहून तेथील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागविल्या होत्या.

मिलिंदचे विद्यार्थी वकील झाले, शिक्षक झाले, सरकारी अधिकारी झाले; तशी यादी कोणत्याही महाविद्यालयाची देता येते. परंतु नागसेनवनाचे खरे पीक वाङ्मयाचे. अमेरिकेत शिकून आलेले डॉ. म. ना. वानखडे येथे प्राचार्य होते. तेथील कृष्णवर्णीय लेखकांचे साहित्य त्यांनी डोळसपणे वाचलेले होते, आणि आपले दुःख आपणच लिहावे लागते, उसन्या लेखणीने ते उतरत नाही, हे ते मुलांस सांगत. १९६७ साली येथूनच 'अस्मिता' हे नियतकालिक निघाले. तेच पुढे 'अस्मितादर्श' झाले आणि डॉ. गंगाधर पानतावणे ह्यांनी ते सुमारे अर्धशतक चालविले. पदरमोड करून मासिक वर्षभर चालविणेही किती कठीण, हे ज्याने चालविले त्यालाच कळेल. खेड्यापाड्यांतील ज्या मुलांचे लिखाण प्रतिष्ठित मासिकांनी साभार परत केले असते, त्यांस येथे पाने मिळाली.

मिलिंदमध्ये शिकलेले वामन निंबाळकर ह्यांचा 'गावकुसाबाहेरील कविता' हा संग्रह १९७३ साली आला. पण मला अधिक जवळचे वाटतात ते प्र. ई. सोनकांबळे. लहानपणी आईबाप गेले, बहिणीच्या दारी वाढले, अन्नाची ददात कायमची. असा मुलगा मराठवाड्याच्या एका कोपऱ्यातून मिलिंदमध्ये येतो, इंग्रजी घेऊन शिकतो आणि त्याच नागसेनवनात इंग्रजीचा प्राध्यापक होतो. त्यांचे 'आठवणींचे पक्षी' हे आत्मकथन १९७९ साली प्रसिद्ध झाले. त्यात आरडाओरड नाही, कोणावर दात नाहीत. भूक लागली होती, असे ते सांगतात; आणि वाचणाऱ्याच्या हातातला घास थांबतो. हे पुस्तक मी प्रथम वाचले तेव्हा मला त्यातील मास्तरांचीच अधिक धास्ती वाटली, आणि त्याला कारण होते.

ते कारण आता सांगतो. माझा तो विद्यार्थी १९८८ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत भेटावयास आला. हातात महाविद्यालयाचा वार्षिक अंक होता, आणि त्यात त्याचा लेख. "गुरुजी, वाचून दाखवू?" म्हणाला. ओटीवर बसून त्याने मोठ्याने, न अडखळता वाचले. ज्याने माझ्या वर्गात कधी तोंड उघडले नव्हते, तोच हा!

लेख माझ्या शाळेविषयी होता. ती शाळा कोणत्या खेड्यातील ते मी सांगत नाही. वर्गाच्या कोपऱ्यात पाण्याचा डेरा असे. इतर मुले स्वतः पाणी बुडवून घेत; दोन-तीन मुलांस मात्र ओंजळ पुढे करावी लागे आणि वरून कोणी तरी पाणी ओती. कोणी नसले तर ती मुले वाट पाहत. हा नियम मी केलेला नव्हता. मी रुजू झालो तेव्हा तो चालू होता आणि मी तो चालू राहू दिला. माझे नाव त्याने लिहिले नव्हते. "आमचे गुरुजी मनाने चांगले होते," एवढेच लिहिले होते, आणि त्या एका वाक्याने मला जे झाले ते येथे बोलून दाखविता येणार नाही.

वाचून झाल्यावर त्याने अंक मिटला व पाणी मागितले. घरातून तांब्या-भांडे आणून मी त्याच्यासमोर ठेवले. बराच वेळ आम्ही परीक्षा, वसतिगृहातील जेवण, गावचा पाऊस असल्या गोष्टी बोलत बसलो. अंक तो माझ्याकडेच ठेवून गेला.

जूनमध्ये शाळा उघडली, त्या आठवड्यात मी कुंभाराकडून डेऱ्यास भोक पाडून घेतले आणि पदरच्या पैशांनी पितळेची तोटी बसविली.