फितीवरचं क्रियापद

जुन्या जर्मन युद्धफिती ओळखायच्या असतील तर त्यांवरचे गरुड, मुकुट आणि पानांच्या माळा थोड्या बाजूला ठेवाव्यात. चित्रं बहुतेक फितींवर तीच ती असतात. आधी क्रियापद शोधावं. फीत कुणासाठी आणि कशासाठी होती, हे ते बरंचसं सांगून टाकतं.

सर्वांत लवकर ओळखू येते ती 'वीवाट'ने सुरू होणारी रेशमी फीत. अशा फितींना जर्मनमध्ये 'वीवाटबांट' म्हणतात. ('बांट' लिहिताना शेवटी ड असतो, उच्चारात त्याचा ट होतो, अनेकवचनात, 'बेंडर'मध्ये, ड परत येतो.) 'वीवाट' मूळचा लॅटिन. अर्थ 'जगो', 'चिरायू होवो'. संस्कृतात याचं जुळं भावंड आहे 'जीवतु'. दोघांचा धातू एकाच प्राचीन मुळातून आलेला. आपले जीव, जिवंत, चिरंजीव हे शब्दही त्याच घरचे. 'बांट' तर आणखी जवळचा: जर्मन 'बिंडन' म्हणजे बांधणे, आणि आपला 'बंध' त्याच कुळातला. 'वीवाटबांट' हा अख्खा शब्द म्हणजे आपल्याच नात्यातले दोन पाहुणे. गंमत अशी की ज्या शब्दाने मी या वस्तूला मराठीत हाक मारतो आहे, तो 'फीत' मात्र पोर्तुगीज 'फिता'वरून आलेला.

या फिती प्रथम लोकप्रिय झाल्या त्या अठराव्या शतकात, प्रशियाच्या दुसऱ्या फ्रेडरिकच्या विजयांच्या निमित्ताने. सप्तवार्षिक युद्ध 1756 ते 1763 चं, म्हणजे आपल्या पानिपताच्या आगेमागे. रॉसबाख आणि लॉयथेन या लढाया त्याने 1757 मध्ये महिन्याभराच्या अंतराने जिंकल्या. विजयोत्सवात लोक राजाचा जयजयकार छापलेली फीत अंगावर मिरवत. पुढे दीडशे वर्षांनी, 1914 मध्ये, ही प्रथा मुद्दाम उकरून काढली गेली. नव्या फिती विकून रेड क्रॉससाठी पैसा उभा केला गेला. दोन्ही काळच्या फितींवर 'वीवाट' असल्याने नवखा माणूस फसतो. मग मजकुरात खाली उतरावं. सेनापती हिंडेनबुर्ग किंवा पाणबुडी दिसली की प्रश्न मिटला: फीत पहिल्या महायुद्धातली.

'जगो' हे व्याकरणात आज्ञार्थाचं रूप. नाव आज्ञार्थ असलं तरी त्यात आज्ञा कमी आणि आशीर्वाद जास्त. 'देव तुझं भलं करो' म्हणताना आपण देवाला हुकूम सोडत नाही. त्याच साच्यात शापही बसतो: 'तुझं वाटोळं होवो'. जर्मनांनी 1914 मध्ये नेमकं हेच केलं. 'गॉट श्ट्राफं एंगलांट', म्हणजे 'देव इंग्लंडला शिक्षा करो'. ही घोषणा कवी एर्न्स्ट लिसाउअरच्या नावावर जमा आहे, आणि ती त्या काळच्या बिल्ल्यांवर, पोस्टकार्डांवर भेटते. इंग्रज सैनिकांनी तिची टर उडवत 'श्ट्राफं' हे क्रियापदच उचललं. आज इंग्रजीत 'स्ट्रेफ' म्हणजे विमानाने खाली येऊन मशीनगनने झोडपणं. घोषणेतला देव गळला, इंग्लंडही गळलं, मार तेवढा उरला.

दुसऱ्या प्रकारच्या फितीवर 'रूअं झान्फ्ट' असतं: 'शांत झोप'. इथे क्रियापद थेट 'तू'शी बोलतं, म्हणून ओळख पटते. ही पुष्पचक्राची फीत, 'क्रान्त्सश्लायफं'. कधी क्रियापदच नसतं, नुसतं 'लेट्स्टर ग्रूस', म्हणजे अखेरचा रामराम. अशा फिती युद्धस्मृती म्हणून विकायला ठेवलेल्या असतात. मृत व्यक्ती सैनिक होती का, याची चौकशी न करता. वाचताना एक अडचण येते. जुन्या फ्राक्टुर वळणात शब्दाच्या सुरुवातीचा लांब 'स' जवळजवळ 'फ'सारखा दिसतो. फरक आडव्या रेघेचा. 'फ'ची रेघ दांड्याच्या आरपार जाते, 'स'ची जेमतेम डावीकडे डोकावते. 'झान्फ्ट' आणि 'श्ट्राफं' या दोन्ही शब्दांत (उच्चार झ आणि श असला तरी लिहिताना 'स'च) ही दोन्ही अक्षरं आहेत, शेजारी ठेवून पाहायला सोयीची.

नौसैनिकाच्या टोपीच्या फितीवर क्रियापदाला जागाच नव्हती. कैसरच्या काळात तिथे 'एस. एम. एस.', म्हणजे 'सम्राटांचं जहाज', आणि पुढे साध्या रोमन मोठ्या अक्षरांत जहाजाचं नाव असे. त्याऐवजी गॉथिक अक्षरांत 'क्रीग्समारीनं' एवढंच दिसलं तर ती फीत हिटलरच्या काळातली. अशा जहाजांपैकी 'एम्डन' या नावाची ओळख आपल्या देशालाही आहे: 22 सप्टेंबर 1914 च्या रात्री या जहाजाने मद्रासवर तोफा डागल्या, आणि तमिळमध्ये बिलंदर माणसाला 'एमडन' म्हणण्याची रीत पडली.

सर्वांत चकवणारी फीत बाहीवरची. निळ्या पट्टीवर पिवळ्या अक्षरांत एकच शब्द: 'जिब्राल्टर'. पाहणाऱ्याला वाटतं, जर्मनांनी जिब्राल्टर जिंकलं की काय! उलट ते राखलं होतं, तेही इंग्रजांसाठी. इंग्लंडचा तिसरा जॉर्ज हाच जर्मनीतल्या हॅनोव्हरचाही शासक होता, त्यामुळे 1779 ते 1783 च्या वेढ्यात हॅनोव्हरचे सैनिक इंग्रजांच्या खांद्याला खांदा लावून लढले. त्या लढ्याची आठवण म्हणून या पट्टीचा मान त्यांच्या वारसदार पलटणींकडे आला. पहिल्या महायुद्धात लेखक एर्न्स्ट युंगरची 73 वी फ्युसिलिअर पलटण इंग्रजांसमोर खंदकात उभी राहिली, तेव्हा ती पट्टी त्यांच्याकडे होतीच.